उपयोगिता प्रमाणपत्र

उद्यमनगरात, वेल्डिंगच्या निळ्या उजेडात
मी बावीस वर्षं बिलं लिहिते.
पंपाचे इंपेलर, उसाच्या चरकाचे दाते,
आणि गेल्या साली पहिल्यांदाच :
सांधा क्रमांक तीन, नग चाळीस,
बॉम्ब उचलणाऱ्या यंत्राच्या हातासाठी.
खरेदीदार, भारत सरकार.
वापरणारा, समुद्रापलीकडचा एक देश
ज्याचं नाव मी पहिल्या चलनावर चुकवलं
आणि दुसऱ्यावरही.

पैसे कुठल्या खात्यातनं येणार, फोनवर विचारलं.
'मित्रराष्ट्रांना साहाय्य. उपशीर्ष, क्षमताबांधणी,'
पलीकडचे साहेब म्हणाले,
जणू मैत्रीला उपशीर्ष असतंच.

ओमारी आला तो भर मे महिन्यात.
त्यांच्या फौजेत लेफ्टनंट, डाव्या हाताला तीन बोटं.
उरलेल्या दोनांबद्दल कोणी विचारलं नाही.
इलाही मिस्त्रींनी त्याच्यासमोर यंत्र चालवलं,
आपलाच जेवणाचा डबा ठेवला शेडच्या मधोमध.
पोलादी हात सरकत गेला, वाकला,
आमटीचा थेंब न सांडता डबा उचलून
वाळूच्या घमेल्यात ठेवला.
पोरांनी शिट्ट्या मारल्या.
ओमारी तेवढा दोन पावलं मागं गेला होता.
मग त्यानंच तो डबा उघडला
आणि आमच्यात मांडी घालून जेवला.
ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.
ठेच्यानंच, असं आम्ही धरून चाललो.

दिल्लीत हस्तांदोलन झालं.
फोटोत दोन झेंडे, चार कोट,
यंत्रावर रेशमी पडदा, सांधा पडद्याखाली.
नंतर कुठल्याशा परिषदेत
त्यांच्या देशानं 'निषेध' म्हणायच्या जागी 'चिंता' म्हटलं
आणि बारा पेट्या
न्हावाशेव्याला अकरा आठवडे उन्हात.
एका शब्दाचं भाडं किती होतं
ते मी काढून पाहिलं :
गोदामाचा दर गुणिले सत्त्याहत्तर दिवस.

त्या सत्त्याहत्तरांतला एक
त्यांच्या मासळीबाजाराचा होता.
आपल्याकडं आतल्या पानावर चार ओळी,
साखर कारखान्याच्या निवडणुकीखाली.
मिस्त्री त्या दिवशी लेथवर गेले नाहीत.
'आपली चूक न्हाई ती,'
एवढंच म्हणाले, कोणी विचारलेलं नसताना.

पेट्या पोचल्या शेवटी.
शब्द बदलला, का मन, का मंत्री,
ते मला कोणी कळवलं नाही.

परवा ओमारीचा फोटो आला :
शाळेची पायरी, काळा पडलेला खड्डा,
यंत्राचा हात कोपरापासून गायब.
खाली लिहिलेलं, सगळे घरी गेले.
मिस्त्रींनी चष्मा पुसला, बोटांनी फोटो मोठा केला,
शाळा नाही, पायरी नाही,
नुसता सांधा बघत बसले.
'बरोबर ठिकाणी तुटलाय,' म्हणाले.
'लई बरोबर.'

आणि आज दिल्लीचा कागद.
उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय तिसरा हप्ता नाही.
रकाना नऊ, वस्तू सुस्थितीत आहे काय?
होय / नाही. नको ते खोडा.

शेडमधल्या चौदा जणांचे दोन महिन्यांचे पगार
त्या रकान्यात उभे आहेत.
नाही म्हटलं तर मिस्त्रींचं काम कच्चं ठरतं,
होय म्हटलं तर बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी खोटं लिहिलं.

होय खोडलं.
चहा आला, प्याले. नाही खोडलं.
बोटभर जागा उरली, तिथं लिहिलं,
मराठीतच, तिकडं कोणाला लागो न लागो :
'मोडली. कामाला आली.
एक नग नव्यानं पाठवत आहोत. दर तोच.'

शिक्का मारला.
जरा वाकडा बसला.